धागा तुटलेला नसताना

तिसऱ्या खेपेला सिव्हिलमधल्या ईसीजीच्या पोरानं
मला नावानं हाक मारली. "झोपा, चिलवेरी मामा."
छातीवर गार जेल, मनगटांना चिमटे,
आणि कागदावर तीच ती शहाणी, नेमस्त नक्षी.
"नॉर्मल आहे की."
असेल बाबा.
तासाभरापूर्वी मी कन्ना चौकात मेलो होतो.

सिग्नल लाल होता. एवढंच.
मागे कॅरिअरवर कांड्यांची पेटी,
खिशात पोराच्या फीची पावती,
भरलेल्या फीची.
आधी बोटांत मुंग्या आल्या,
मग सगळा रस्ता काचेपलीकडे गेला.
शेजारचा रिक्षावाला काहीतरी बोलत होता,
तेलुगू की कन्नड की मराठी, नुसते ओठ दिसत होते.
श्वास येत होता, पण उतरत नव्हता.
गळ्याशीच तुंबलेला,
चार दिवसांनी सुटलेल्या नळापुढं
घागरींची रांग तुंबते तसा.

मालक म्हणाले, पित्त.
मेव्हणा म्हणाला, क्वार्टर मार, झोप लागंल.
थोरल्या वहिनीनं मीठमोहरी ओवाळली
आणि मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून
माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली.
मी चौक सोडला. मग पूल सोडला. मग रात्रपाळी.
खाट ते मोरी,
एवढंच सोलापूर उरलं.

सतरा नंबरच्या खोलीत होटगीकर बाईंनी विचारलं, काम काय?
जॉबर. चोवीस माग.
माग आपोआप कधी थांबतो?
हे कुणी विचारलं की मला बरं वाटतं. सांगितलं:
आडवा धागा तुटला की फोर्कला कळतं, माग थांबतो.
कधी कधी धागा शाबूत असतो, बाई,
फोर्कच हळवा झालेला असतो. उगीच थांबवतो.
"मग तुम्ही माग भंगारात काढता?"
तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.
मला काही कळलं नाही.
कळलं खाली, औषधाच्या खिडकीसमोर,
माझ्यापुढं सात माणसं असताना.
एकटाच हसलो,
तर पुढच्या बाईनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

गोळी बारकी. आधी अर्धी.
पंधरा दिवस नुसतं तोंड कोरडं, बाकी शून्य.
दर मंगळवारी बोलायचं. काय बोलायचं?
तिसऱ्या मंगळवारी बापाचं निघालं:
मागाशी उभ्या उभ्या गेला, एक्केचाळिसाव्या वर्षी.
मला एक्केचाळिसावं श्रावणात लागलं.
बाई काही बोलल्या नाहीत. पंखा तेवढा वाढवला.

आणि गृहपाठ: कन्ना चौकात जाऊन उभं राहायचं.
पळायचं नाही.
पळालात, की त्याला खरं वाटतं.

आठव्या दिवशी रसवाल्या महिबूबला राहवेना.
"रोज कुणाची वाट बघता?"
"आहे एकजण."
"येतो का?"
"येतो. दहा-बारा मिनिटं थांबतो. जातो."
"मग रस तरी पाजा त्याला."

बरा झालो असं म्हणत नाही.
परवा रात्री दोनला आला, घरातच, कडी न वाजवता.
अंबव्वा जागी होती, तिचे हजार पुरे व्हायचे होते.
कसंतरी होतंय का, असं तिनं विचारलं नाही.
विड्यांचं सूप माझ्या मांडीवर ठेवलं.
"मोज."
ओलसर पान. तंबाखूचा उग्र वास. दोऱ्याची गाठ.
सात. आठ.
तेरावर चुकलो. तिनं परत एकपासून लावलं.
मघाशी गळ्याशी उभा असलेला श्वास
कितव्या विडीला पोटात उतरला, लक्षात नाही.
एकोणीसला बघितलं तर उतरलेला होता.
कट्टा पंचवीसचा असतो.
राहिलेल्या सहा
मी तरीही मोजल्या.